आधी तपासणी, मग अनुदान

ग्वाल्हेरच्या गच्च्यांवर गेल्या दोन वर्षांत एक नवे दृश्य दिसू लागले आहे. जेथे पूर्वी पापड-कुरडया वाळत आणि उन्हाळ्याच्या रात्री खाटा पडत, तेथे आता निळसर सौर पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून बसली आहेत. १३ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झालेल्या 'पंतप्रधान सूर्यघर : मोफत वीज योजने'चे हे फळ होय. एक किलोवॅटला ३०,००० रुपये, दोन किलोवॅटला ६०,००० रुपये आणि तीन किलोवॅट वा त्याहून अधिक क्षमतेला ७८,००० रुपये असे केंद्र शासनाचे अनुदान थेट बँकेच्या खात्यात जमा होते. उद्दिष्ट एक कोटी घरांचे आणि तरतूद ७५,०२१ कोटी रुपयांची. योजना चांगली आहे आणि तिचा लाभ अवश्य घ्यावा. परंतु वैद्यकीय व्यवसायात आयुष्य घालविलेल्या माणसाच्या मनात एक प्रश्न सहजच उभा राहतो. हे औषध देण्यापूर्वी रोग्याला, म्हणजे घराला, तपासतो कोण?

उत्तर असे की, कोणीही नाही. अर्ज करताना वीजबिलावरील ग्राहक क्रमांक द्यावा लागतो. दरमहा १५० युनिटांपर्यंत वापर असेल तर एक ते दोन किलोवॅट, १५० ते ३०० युनिटांना दोन ते तीन, आणि त्यापुढे तीनहून अधिक, असे कोष्टक मार्गदर्शनासाठी दिलेले आहे. २०२४ मध्ये सुधारलेल्या नियमांनुसार दहा किलोवॅटपर्यंतच्या अर्जांना वीज कंपनीच्या पूर्वतपासणीचीही गरज राहिलेली नाही. शेवटी पाहणी होते ती बसविलेल्या संचाची आणि नेट मीटरची. घर किती युनिट जाळते हे वाचले जाते. का जाळते, हे कोणी विचारीत नाही. ताप १०३ आहे एवढे टिपून, तो मलेरियाचा की टायफॉइडचा हे न पाहता औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरास आपण काय म्हणू?

इतरत्र असेच असते असे नाही. कॅनडाच्या शासनाने मे २०२१ मध्ये घरांच्या ऊर्जाबचतीसाठी ५,००० डॉलरपर्यंत अनुदान देणारी योजना आणली होती. तिची अट अशी की, कामापूर्वी एकदा आणि कामानंतर एकदा, अशी दोन वेळा मान्यताप्राप्त तपासनिसाकडून घराची ऊर्जा-तपासणी झाली पाहिजे. त्या तपासणीच्या खर्चापोटीही ६०० डॉलरपर्यंत परतावा मिळे. २०२४ मध्ये त्या योजनेने नवे अर्ज घेणे थांबविले, परंतु तिचे सूत्र ध्यानात ठेवण्यासारखे आहे. टोरांटोजवळ राहणारा माझा भाचा घराच्या सर्व खिडक्या बदलण्याच्या तयारीत होता. तपासनिसाने दारात मोठा पंखा बसवून घरातील हवा बाहेर ओढली आणि फटींतून किती हवा आत शिरते ते मोजले. निष्कर्ष निघाला तो असा की, खिडक्या बऱ्या आहेत, उष्णता गळते आहे ती पोटमाळ्यातून. त्याचे बरेच पैसे वाचले, ते केवळ निदान आधी झाल्यामुळे.

आपल्याकडे ही कल्पना परकी नाही. २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्याने मोठ्या उद्योगांना ऊर्जा लेखापरीक्षण करून घेण्याचे बंधन घातले. ऊर्जा दक्षता ब्यूरो लेखापरीक्षकांच्या परीक्षा घेते आणि त्यांना प्रमाणपत्रे देते. नव्या निवासी इमारतींसाठी १४ डिसेंबर २०१८ रोजी 'इको-निवास संहिता' आली आणि छतातून व भिंतींतून आत येणाऱ्या उष्णतेला मर्यादा असावी हे तत्त्व मान्य झाले. सिमेंटच्या कारखान्याची तपासणी होते, उद्या बांधल्या जाणाऱ्या इमारतीचा विचार होतो. पण आज आपण ज्यात राहतो, त्या वीस-तीस वर्षे जुन्या घराकडे पाहण्यास कोणी मोकळा नाही.

तपासणीचा लाभ किती, हे एका हिशेबाने पाहू. मध्य प्रदेश शासनाच्या अटल गृहज्योती योजनेत महिन्याचा वापर १५० युनिटांच्या आत राहिला, तर पहिल्या १०० युनिटांना केवळ १०० रुपये पडतात; ही मर्यादा ओलांडली की सवलत जाते. समजा, एखादे कुटुंब १९० युनिट वापरते. घरात ७५ वॅटचे तीन जुने छतपंखे रोज बारा तास फिरतात. त्यांच्या जागी ३० वॅटचे नव्या पद्धतीचे, बीएलडीसी मोटरचे पंखे बसविले, तर रोज १.६२ युनिट आणि महिन्यास सुमारे ४९ युनिट वाचतात. वापर १४१ वर येतो आणि ते कुटुंब सवलतीस पात्र ठरते. छतपंख्यांवर ताऱ्यांची पट्टी १ जानेवारी २०२३ पासून सक्तीची झाली आहे, ती पाहून घेण्याचे श्रम तेवढे घ्यावयाचे. या कुटुंबाला सौर पॅनेलपूर्वी पंख्यांची गरज होती; परंतु ते त्यास सांगणार कोण?

सुखवस्तू घरांचा हिशेब वेगळा, पण तात्पर्य तेच. एक किलोवॅटचा संच आपल्या भागात दिवसास सरासरी चार युनिटांच्या आसपास वीज देतो. म्हणजे तीन किलोवॅटपासून महिन्यास साडेतीनशेच्या घरात युनिट मिळतात. अनुदान मात्र तीन किलोवॅटपुढे एका पैशानेही वाढत नाही. साडेचारशे युनिट वापरणाऱ्या गृहस्थाने शंभर युनिटांची नासाडी आधी थांबविली, तर चौथ्या किलोवॅटचा सगळा खर्च त्याच्या खिशातच राहील.

आतापर्यंतचे सारे पैशांचे झाले. बालरोगतज्ज्ञ म्हणून मला याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी बाजू. नवजात बालकाची शरीराचे तापमान सांभाळण्याची शक्ती अपुरी असते. त्याला घाम नीट येत नाही, आणि तहान लागली हे सांगता येत नाही. मे-जूनमध्ये ताप व निर्जलीकरण घेऊन येणाऱ्या अर्भकांच्या आयांना मी नेहमी विचारतो, 'बाळ कोणत्या मजल्यावर झोपते?' उत्तर पुष्कळदा 'वरच्या' असेच येते. दिवसभर लूमध्ये तापलेला काँक्रीटचा स्लॅब मध्यरात्रीपर्यंत खोलीत उष्णता ओतीत असतो.

अहमदाबादेत मे २०१० मध्ये जी उष्णतेची लाट आली, तिच्यानंतर तेथील शारदाबेन रुग्णालयातील नवजात शिशुकक्षाच्या नोंदींचा अभ्यास झाला आणि तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. ४२ अंशांच्या वर पारा एकेका अंशाने चढला की उष्णतेमुळे दाखल होणाऱ्या नवजात बालकांची संख्या ४३ टक्क्यांनी वाढत असल्याचे त्यात आढळले. त्याहून बोलकी गोष्ट पुढे आहे. प्रसूतिकक्ष सर्वांत वरच्या मजल्यावरून खाली आणल्यावर बालकांना संरक्षण मिळाल्याचे दिसून आले. ना नवे यंत्र, ना नवे औषध! कोणीतरी इमारतीकडे निदानाच्या दृष्टीने पाहिले, एवढेच.

येथे एक तांत्रिक गोष्ट सर्वांनी समजून घेतली पाहिजे. वीज कंपनीच्या तारांशी जोडलेला साधा सौर संच, बॅटरी नसल्यास, वीज गेली की सुरक्षिततेसाठी आपोआप बंद पडतो. म्हणजे मे महिन्याच्या दुपारी वीज गेली, तर डोक्यावर लख्ख ऊन आणि गच्चीवर पॅनेल असूनही खालचा पंखा फिरणार नाही. पॅनेलच्या सावलीने छत थोडे कमी तापते हे खरे. पण उरलेल्या गच्चीचे काय? अशा वेळी बाळाचे रक्षण करते ते घर स्वतः : त्याचे छत, त्याच्या भिंती, त्याची सावली. लष्करातील जुन्या वाड्यांच्या जाड दगडी भिंती, उंच छते आणि मधला चौक हे काम बिनबोभाट करीत असत. ते वाडे परत बांधता येणार नाहीत, पण त्यांनी जे काम केले ते आजच्या घराकडून करवून घेता येईल.

कोणी म्हणेल, घरोघर लेखापरीक्षक आणावयाचे कोठून? प्राथमिक तपासणीस तज्ज्ञ लागत नाही. बारा महिन्यांची बिले समोर मांडावीत. उन्हाळ्याचे व हिवाळ्याचे अंतर पाहिले की कूलर, एसी आणि गीझर किती खातात ते कळते. रात्री सर्व उपकरणे बंद करून मीटरचा लाल दिवा लुकलुकतो का ते पाहावे. लुकलुकत असेल तर कोठेतरी गळती आहे. फ्रिजच्या दारात कागद धरून दार लावावे. कागद सहज निसटला तर रबर बदलण्याची वेळ झाली. एसी २४ अंशांवर चालतो की १८ वर, हे पाहावे. आणि मे महिन्यात रात्री नऊ वाजता वरच्या खोलीच्या छतास हात लावावा. ते गरम लागले, तर गच्चीवर चुन्याचा पांढरा थर वा पांढऱ्या तुकड्यांची फरशी, हा पहिला उपचार समजावा. याहून सखोल तपासणीसाठी प्रमाणित लेखापरीक्षक आहेत, आणि आपल्याच शहरात १९५७ पासून माधव इंजिनीअरिंग कॉलेज आहे. तेथील विद्यार्थ्यांना प्रात्यक्षिकासाठी घरे हवीत आणि आपल्याला तपासनीस हवेत.

आपल्या व्यवसायबंधूंना आणखी एक सांगावयाचे आहे. सूर्यघर योजनेचे अनुदान निवासी जोडणीसाठी आहे. दवाखाने आणि नर्सिंग होम त्यात बसत नाहीत. तेथे कोणी ७८,००० रुपये देणार नाही, म्हणून तपासणीतून जे वाचेल तेच आपले अनुदान. लसींच्या फ्रिजचे तापमान २ ते ८ अंशांत राहते की नाही हे आपण दिवसातून दोनदा नोंदवितो. प्रसूतिकक्षाचे व शिशुकक्षाचे तापमान कितीजण नोंदवितात? वरच्या मजल्यावर बाळंतिणींना ठेवणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाने येत्या उन्हाळ्यापूर्वी एवढी नोंद तरी सुरू करावी, असे मी आग्रहाने सुचवितो.

शासनाकडे मागणी करावयाची ती लहानच आहे. अनुदानाच्या अर्जासोबत घराच्या तपासणीचे एक पान जोडावयास सांगावे. छत, पंखे, फ्रिज, पंप, गीझर यांची नोंद आणि तपासणाऱ्याची सही असलेले. त्यासाठी पाचशे-हजार रुपये शासनाने वेगळे द्यावेत, म्हणजे गरिबास ते ओझे होणार नाही आणि तरुणांना कामही मिळेल. अर्ज अडविण्यासाठी या पानाचा उपयोग होऊ नये, ही दक्षता मात्र घ्यावी लागेल. आपल्याकडे प्रत्येक सहीला किंमत चिकटते, हा अनुभव सर्वांस आहे. म्हणून आरंभी ते पान ऐच्छिक असावे आणि जो जोडील त्यास थोडे अधिक अनुदान मिळावे.

शासन करील तेव्हा करील. आपल्या संस्थेत डॉक्टरांची आणि स्नेह्यांची जी घरे आहेत, त्यांपासून आरंभ करण्यास कोणाच्या परवानगीची गरज नाही. मार्चअखेर प्रत्येकाने आपले एक पान भरून द्यावे, आणि पुढील स्मरणिकेत आकड्यांनिशी सांगता यावे की इतक्या घरांची तपासणी झाली, इतके युनिट वाचले आणि इतक्या घरांत बाळाचा पाळणा वरच्या मजल्यावरून खाली आला. यांतील शेवटचा आकडा वाचण्यास मी सर्वाधिक उत्सुक असेन.