धूम्रपान कक्षातील मैफल

२ ऑक्टोबर २००८ पासून देशभर सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास बंदी आहे. मात्र २००३च्या मूळ कायद्यानेच एक फट ठेवली आहे. विमानतळ, तीस खोल्यांचे हॉटेल आणि तीस आसनांचे उपाहारगृह यांना धूम्रपानासाठी स्वतंत्र जागा ठेवता येते. चारही बाजूंना पूर्ण उंचीच्या भिंती, आपोआप मिटणारे दार आणि धूर बाहेर फेकणारी यंत्रणा असा नियमांचा दंडक आहे. जानेवारी २०२१मध्ये केंद्र सरकारने हॉटेल-उपाहारगृहांची ही सवलत काढून टाकण्याचा मसुदा लोकांपुढे ठेवला होता. आरोग्याच्या दृष्टीने त्यात वाद घालण्यासारखे काही नाही. कार्यालयांना तर ही सवलत मुळातच नाही. तेथील धूम्रपान कक्ष फाटकाबाहेरच्या टपरीवर भरतो, इतकेच.

प्रश्न धुराचा नाही, त्या धुरात चालणाऱ्या गप्पांचा आहे.

वृत्तपत्राच्या कचेरीत मी लागलो तेव्हा जिन्याचे वळण हाच आमचा धूम्रपान कक्ष होता. पहिली आवृत्ती सुटली की संपादकांपासून छपाई विभागातल्या कामगारापर्यंत सारे तेथे जमत. काडेपेटी मागताना कोणी कोणाची जात वा पगार विचारीत नसे. उत्तरेत बहिष्काराला ‘हुक्कापाणी बंद’ म्हणतात. एकत्र हुक्का ओढणे म्हणजे बिरादरीत असणे. हे ध्यानात घेतले की त्या काडेपेटीचे मोल कळते. समरसतेवर आपण पुष्कळ बोलतो. ती जिन्यावर सहज घडत होती, हे मान्य करायला संकोच कशाला?

पण त्याच जिन्यावर कोणाला कोणता विभाग मिळणार, कोणाची बदली होणार, हेही ठरे. सकाळच्या बैठकीत केवळ शिक्कामोर्तब होई. आमच्या विभागातील दोन भगिनींना निर्णय नेहमी शिळा होऊनच कळत असे. निर्व्यसनी तरुणांची गतही तीच. त्यांतला एक मित्र अखेर ‘नुसता उभा राहतो’ म्हणत जिन्यावर येऊ लागला आणि वर्षभरात त्याच्या खिशात पाकीट आले. त्याला तंबाखूची तलफ नव्हती, माणसांची होती. आपली व्यसनमुक्तीची व्याख्याने फुप्फुसांची चित्रे दाखवितात. या तलफेविषयी ती मौन पाळतात.

पूर्वी ही तलफ गावचा पार, वाड्याची ओसरी, चाळीचा सज्जा भागवीत असे. (तेथेही चिलीम फिरे आणि तेथेही सर्वांना प्रवेश नव्हता, हेही सांगितले पाहिजे.) आज घरात चौघे चार पडद्यांसमोर, कचेरीत प्रत्येक जण आपल्या कप्प्यात. मग विनाकारण दहा मिनिटे उभे राहून बोलण्याचा परवाना केवळ सिगारेटीला उरतो. ‘जरा बाहेर जाऊन येतो’ असे सिगारेट ओढणारा म्हणतो तेव्हा वरिष्ठ मान डोलावतात. न ओढणाऱ्याने तसेच म्हटले तर तो कामचुकार ठरतो.

शाखेत प्रार्थनेनंतर मैदानावर रेंगाळणारे घोळके मी लहानपणापासून पाहत आलो आहे. आता विकीर झाले की किल्ल्या खुळखुळतात आणि पाच मिनिटांत मैदान रिकामे होते. आमचा तो मित्र डॉक्टरांच्या धाकाने सिगारेटीपासून सुटला, त्याला बरीच वर्षे झाली. रोज सायंकाळी तो अजूनही टपरीवर जातो, चहाचा ग्लास हातात धरून त्याच धुरात उभा राहतो.