मुलांचे हात आणि कुंभाराचे चाक

दिवाळीची सुट्टी लागली की लहान मुलांना एक दिवस कोठे न्यावे, हा प्रश्न घरोघरी निघतो. अलीकडे त्याचे उत्तर म्हणून अनेक पालक मातीकामाच्या कार्यशाळेकडे वळू लागले आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे. जैन कुटुंबांना तर कुंभाराची शाळा मुळीच परकी नाही. भगवान ऋषभदेवांनी हत्तीच्या गंडस्थळावर ओल्या मातीचा गोळा ठेवून भांडे घडविले आणि लोकांना पहिली कला शिकविली ती कुंभाराची, अशी कथा हेमचंद्राचार्यांच्या ‘त्रिषष्टिशलाकापुरुषचरित्रा’त आली आहे.

उपासकदशांग सूत्रातील सद्दालपुत्र श्रावकाची कथा याहून अधिक बोलकी आहे. पोलासपूरचा हा धनाढ्य कुंभार. नगराबाहेर त्याची ५०० दुकाने होती. तो आजीविक मताचा, म्हणजे सारे काही नियतीने ठरलेले आहे असे मानणारा. एकदा तो वाळलेली भांडी उन्हात मांडीत असता भगवान महावीरांनी त्याला विचारले, ही भांडी कशी तयार होतात? त्याने सांगितले की आधी माती असते, ती पाण्यात भिजवितात, तीत राख व शेण मिसळतात आणि मग ती चाकावर चढते. भगवंतांनी पुढे विचारले, हे प्रयत्नाने होते की प्रयत्नावाचून? आपल्या मताला धरून त्याने ‘प्रयत्नावाचून’ असे उत्तर दिले. तेव्हा भगवंतांनी विचारले, ही भांडी कोणी चोरली किंवा फोडली तर तू काय करशील? त्याला शिक्षा करीन, असे सद्दालपुत्र म्हणाला. सारे नियत असेल, तर फोडणाऱ्याचा दोष कसला? या प्रश्नाने त्याचे डोळे उघडले आणि पुढे त्याने श्रावकाची बारा व्रते स्वीकारली.

कार्यशाळेत मुलांना नेणाऱ्या पालकांनी हा प्रश्न सोबत न्यावा. कारण तेथे एक दृश्य वारंवार दिसते. मूल माती थापते, भांडे एका बाजूला कलते आणि शेजारी बसलेल्या आईचा किंवा वडिलांचा हात पुढे येतो. ‘थांब, मी नीट करून देतो.’ पाच मिनिटांत भांडे सुबक होते, छायाचित्र निघते आणि घरी आजी-आजोबांना सांगितले जाते, ‘हे आमच्या बाळाने केले.’ हेतू प्रेमाचाच असतो. परंतु ते आपण केलेले नाही, हे त्या मुलाला पक्के ठाऊक असते. एकाच दुपारी त्याच्याकडून पुरुषार्थ काढून घेतला जातो आणि त्याच्या हाती एक लहानसे असत्य ठेवले जाते. पाठशाळेत सत्याचा पाठ घेणाऱ्या मुलाला हा धडा फार महाग पडतो.

याचा अर्थ मुलांना एकटे सोडावे असा नव्हे. त्यांच्या वयाला पेलेल असे काम निवडावे. फिरत्या चाकावर गोळा मध्यावर धरण्यास मनगटात जोर लागतो, म्हणून चार-पाच वर्षांच्या मुलाला चाकावर बसविण्याची घाई नको. गोळ्यात अंगठा दाबून वाटी करणे किंवा मातीच्या वळ्या एकावर एक रचणे त्याला सहज जमते. भांडे त्याच दिवशी घरी नेण्याचा आग्रहही नसावा. ते सावलीत हळूहळू वाळावे लागते. घाई केली की तडे जातात. भट्टीत साधारण ६०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापल्यावरच माती अशी पक्की होते की पुन्हा पाण्यात विरघळत नाही. ही प्रतीक्षा हासुद्धा शिक्षणाचाच भाग आहे.

पाठशाळेत जाणारे एखादे मूल हमखास विचारील, ‘मातीत जीव असतो ना? मग हे चालते का?’ हा प्रश्न टाळू नये. पृथ्वीकाय जीवांची जाणीव त्याला आहे, ही समाधानाची बाब आहे. भट्टीच्या कामाची गणना आपल्या शास्त्रांनी अंगारकर्मात केली आहे, हेही त्याला सांगावे. म्हणूनच येथे मर्यादा हवी. कच्ची माती कितीही वेळा भिजवून पुन्हा वापरता येते. मुलाने हवे तेवढे घडवावे, मोडावे. पण भट्टीत जाण्यासाठी एकच वस्तू निवडावी आणि बाकीची माती स्वतःच्या हाताने ढिगात परत ठेवावी. परिग्रहाचे परिमाण याहून सोप्या रीतीने समजावता येणार नाही.

स्थळे दूर नाहीत. मुंबईत धारावीचा कुंभारवाडा आहे. विदर्भात भद्रावतीला पार्श्वनाथ प्रभूंच्या दर्शनास अनेक कुटुंबे जातात. त्याच गावी ग्रामोदय संघाने मातीकामाचे केंद्र उभे केले आहे. यात्रेपूर्वी चौकशी करून तेथेही जाता येईल. कोठेही गेले तरी मुलांनी कारागिराला ‘काका’ म्हणून नमस्कार करावा आणि पालकांनी त्याच्या मोबदल्यात घासाघीस करू नये.

जैन तत्त्वज्ञानात माती ही घटाचे उपादान कारण आणि कुंभार हा निमित्त कारण मानला जातो. पालकही निमित्तच असतात. मुलाच्या घडण्याचे उपादान मुलाच्या ठायी असते. तेव्हा काय करावे असे त्याने विचारलेच, तर पक्ष्यांच्या पाण्यासाठी एक पसरट परळ सुचवावे. उन्हाळ्यात ते सज्जात ठेवावे आणि रोज गाळलेले पाणी मुलानेच त्यात भरावे. काठ वाकडा असला, तरी चिमणीला त्याने काही अडत नाही.