गरुडाची खोटी गोष्ट

चाळिशीत गरुड डोंगरावर जातो, दगडावर आपटून चोच पाडतो, नखे-पिसे उपटतो आणि नव्या अंगाने सत्तर वर्षांपर्यंत जगतो, ही गोष्ट घरोघरी मोबाइलवर फिरते. ती खोटी आहे. गरुडाची चोच आणि नखे आपल्या नखांसारखीच वाढत आणि झिजत राहतात. पिसेही थोडीथोडी गळून नवी येतात. चोच मुळासकट गेली, तर गरुड उपाशी मरेल. अमेरिकेतील पांढऱ्या डोक्याच्या गरुडाचे निसर्गातील नोंदलेले सर्वाधिक वय ३८ वर्षे आहे.

हे मुलांना भाषणाने पटत नाही. त्यापेक्षा रविवारी सर्वांनी मिळून गरुडावरचा माहितीपट पाहावा. मासा चोचीने फाडून पिल्लाला भरवणारी मादी पाहिली, की चोचीविना काय होईल, हे मुलेच सांगतात.

मात्र पडद्यावरचेही सारे खरे मानू नये. चित्रपटांत याच गरुडाच्या तोंडी अनेकदा लाल शेपटीच्या हॉक या दुसऱ्याच शिकारी पक्ष्याची किंकाळी घातलेली असते. त्याचा स्वतःचा आवाज बारीक, चिवचिवाटासारखा आहे.

'हे कशावरून?' असे विचारण्याची सवय घरातच लागते. पुढचा संदेश पाठवण्याआधी आजोबांनीही तसे विचारावे. आणि नातवंडांनी विचारले, तर रागावू नये.