कपाळावरची रेघ कोणी वाचायची?

जळगाव-धुळ्यातल्या त्वचारोगांच्या दवाखान्यांच्या पाट्यांवर नायटा, पांढरे डाग यांच्या शेजारी आता बोटॉक्स आणि फिलर हे शब्दही येऊन बसले आहेत. ओघळलेले गाल, सैल पडलेली हनुवटी सुईने सावरून देण्याचा हा उद्योग. यावर आम्हां साहित्याच्या मंडळींची प्रतिक्रिया ठरलेली असते: थोडे हसू, थोडी तुच्छता, आणि मग ‘सुरकुत्या म्हणजे अनुभवाच्या रेषा’ हे वाक्य. मला आक्षेप घ्यायचा आहे तो सुईपेक्षा या वाक्यावर.

आधी सुईविषयी. बोटॉक्स मज्जातंतूकडून स्नायूला जाणारा संदेश अडवते; तीन-चार महिने आठी पडत नाही, एवढेच. ओघळण्यावर त्याचा फारसा इलाज नाही. तिथे फिलर वापरतात, बहुधा हायलुरॉनिक आम्लाचे. त्वचेत मुळातच असणारा, पाणी धरून ठेवणारा हा पदार्थ खळगे भरून काढतो. काही इंजेक्शने त्वचेला नवे कोलॅजन तयार करायला भाग पाडतात. पण चेहरा ओघळतो तो केवळ त्वचा सैल झाल्याने नव्हे. खालची चरबी आटते, सरकते. जबड्याचे आणि डोळ्यांभोवतीचे हाडही झिजते. आधारच खचलेला असतो. सुई भर घालू शकते. फार सैल झालेली कातडी ती ताणून बसवू शकत नाही, आणि जाहिरात नेमके हेच सांगत नाही. क्वचित फिलर रक्तवाहिनीत शिरून त्वचा मरते, दृष्टीही जाते. म्हणून हे काम पार्लरचे नव्हे.

कोलॅजनचा मोठा शत्रू ऊन. पारा चाळिशीपार नेणाऱ्या खानदेशी उन्हात शेतात राबणाऱ्या बाईचा चेहरा शहरातल्या तिच्या समवयस्क बाईच्या आधी सुरकुततो. त्या रेषांना ‘अनुभव’ म्हणताना आपण सूर्य आणि मजुरी दोन्ही पुसून टाकतो. आणि ती बाई काही या दवाखान्याची गिऱ्हाईक नसते.

आता आपल्या घरातले पाहू. रामदासी हस्तलिखितांचा मोठा ठेवा धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात आहे. दासबोधाच्या तिसऱ्या दशकात म्हातारपणाच्या देहाची जी दशा येते, तिच्यापुढे कोणत्याही क्रीमची जाहिरात सौम्य वाटावी. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायातला ज्ञानी पुरुष तारुण्यातच आपल्या पुढच्या जरेचे चित्र डोळ्यांपुढे आणतो. गीतेच्या मूळ श्लोकातच जरेच्या जोडीला ‘दोष’ हा शब्द आहे. म्हणजे वार्धक्य हा दोष, इथवर संत आणि जाहिरातदार यांचे एकमत आहे. एक म्हणतो विरक्त हो, दुसरा म्हणतो अपॉइंटमेंट घे. (ययातीने तर आपले म्हातारपण मुलाच्या अंगावर टाकले. तरुण दिसण्याची हाव बायकांची, असे म्हणणाऱ्यांनी खांडेकरांची १९५९ची कादंबरी पुन्हा चाळावी.) आधुनिक रसिकाने हा दोष उलटून त्याचा गुण केला, सुरकुत्यांना सुंदर म्हटले. पण या तिघांतही पाहणारा बाहेरचाच. ज्या बाईचा तो चेहरा, तिला कोणी विचारलेले नाही. पैसे साठवून इंजेक्शन घेणाऱ्या शिक्षिकेला उथळ ठरवणे आणि न घेणारीला थोर ठरवणे, या दोन्ही गोष्टी मला सारख्याच उद्धट वाटतात.

अपवाद जळगावजवळच्या आसोद्याचा. बहिणाबाई चौधरींच्या (१८८०–१९५१) वैधव्यावरच्या गाण्यात कुंकू पुसल्यावर त्याखाली लपलेली कर्माची रेघ उघडी पडते. बोलणारी स्वतःच्याच कपाळाविषयी बोलते, आणि तिचे नशीब वाचायला आलेल्या ज्योतिषाला दारातून परत पाठवते. योगायोग असा, की बोटॉक्सला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सौंदर्योपचार म्हणून २००२ साली पहिली मान्यता दिली ती भुवयांच्या मधल्या आठ्यांसाठी, म्हणजे जवळपास कुंकवाच्याच जागेसाठी.

हे गाणे वर्गात शिकवताना आपल्या डोळ्यांपुढे असतो तो छायाचित्रातला म्हाताऱ्या बहिणाबाईंचा चेहरा. गाणी पुस्तकरूपाने आली १९५२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर; त्यामुळे महाराष्ट्राला त्या आजीच म्हणून भेटल्या. उलट याच जिल्ह्यात धरणगावी जन्मलेले बालकवी १९१८ साली भादलीजवळ रेल्वेखाली गेले, अठ्ठाविसाव्या वर्षी. ते कायमचे तरुण राहिले. पण बहिणाबाईंना वैधव्य आले ते तिशीत. ती उघडी पडलेली रेघ म्हातारीची सुरकुती नव्हेच. ज्या कपाळावरून कुंकू पुसले गेले ते तरुण बाईचे होते, आणि आपण वर्षानुवर्षे तिथे आजी बसवून ‘अनुभवाच्या रेषा’ शिकवत आलो आहोत.