चव आणि विवेक

पुण्यात २००९ साली ‘डूलाली’ची मायक्रोब्रुअरी सुरू झाली. त्यानंतरच्या दीड दशकात ‘क्राफ्ट बिअर’ चाखणे आणि तिला साजेसा पदार्थ निवडणे हा सुशिक्षितांच्या एका वर्गात अभिरुचीचा विषय बनला आहे. ज्या घरांत मद्याचा उल्लेखही निषिद्ध होता, तेथेही हा विषय आता प्रतिष्ठेचे वस्त्र पांघरून येत आहे. म्हणूनच केवळ नाक मुरडून भागणार नाही; तो समजून घ्यावा लागेल.

या चाखण्यात शास्त्र आहे, हे मान्य केले पाहिजे. मोड आणून वाळवलेले जव, हॉप्सची फुले, यीस्ट आणि पाणी यांच्या मेळातून बिअरची चव ठरते. गव्हाची सौम्य बिअर मासळीला, भाजलेल्या जवाची काळी ‘स्टाउट’ चॉकलेटला साजेशी मानतात. हॉप्सचा कडवटपणा तळलेल्या पदार्थाचा जडपणा कमी करतो. झणझणीत रश्श्याबरोबर मात्र तोच तिखट अधिक बोचरे करतो.

पण हा रसविवेक आपल्या ताटाला नवा आहे काय? पुरणपोळीच्या गोडव्याला कटाच्या आमटीचा चटका, मासळीच्या कालवणामागून सोलकढी, गरम भातावर मेतकूट आणि तूप ही जुळणी पिढ्यान्‌पिढ्यांच्या जिभेने सिद्ध केली आहे. तळेगाव दाभाड्याच्या शेजारी, वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात इंद्रायणी भाताचे वाण तयार झाले. बिअरचे चार प्रकार ओळखणाऱ्या आपल्या तरुणांपैकी कितींना इंद्रायणी आणि आंबेमोहर यांतला फरक वासावरून सांगता येईल?

तळेगावच्या इतिहासात या प्रश्नाचा आणखी एक धागा आहे. १९०८ साली जनतेने पै-पैशाने उभारलेल्या ‘पैसा फंडा’तून येथे काच कारखाना सुरू झाला. त्याच वर्षी लोकमान्य टिळक आणि त्यांचे सहकारी पुण्यातील दारूच्या दुकानांविरुद्ध उभे राहिले होते. बाटली स्वदेशी हवी, पण तिच्यात काय भरायचे याचाही विचार हवा, असे त्या पिढीचे स्वदेशीचे भान व्यापक होते. आज ‘स्थानिक’ म्हणून मिरवणाऱ्या बिअरमधले हॉप्स बहुधा परदेशातूनच येतात, हे येथे आठवावे.

अभिरुचीच्या नावाने मद्याचा गुणधर्म बदलत नाही. ५ टक्के मद्यार्काच्या ३३० मिलिलिटर बिअरमधले मद्य ३० मिलिलिटर व्हिस्कीतील मद्यापेक्षा कमी नसते. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले. महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि व्हिस्कीसारख्या तीव्र मद्यासाठी २५ वर्षे ही वयोमर्यादा आहे. तरीही मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात एका अल्पवयीनाच्या भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचे प्राण घेतले आणि त्याआधी त्याला मद्य मिळाल्याचे तपासात पुढे आले. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या कडेला वसलेल्या मावळाने सुट्टीच्या दिवसांत हा धोका विशेष ओळखावा.

कायदा दुकानाच्या दारापर्यंत पोहोचतो. घराच्या ओसरीवर आई-वडिलांनाच बोलावे लागते. मुलांशी हा विषय टाळू नये, दरडावूही नये. चव म्हणजे काय, नशा म्हणजे काय आणि त्या दोहोंमधली रेषा किती सहज पुसली जाते, हे शांतपणे सांगावे. ज्याला थांबणे कळत नाही, त्याला चव कळली असे म्हणता येणार नाही.