फॉरमॅट हा पहिला उपाय नव्हे

मा. संपादक,

‘संगणकात व्हायरस चिवट असेल तर फॉरमॅटशिवाय गत्यंतर नाही’ हे आपल्या अंकातील लेखाचे मत घरगुती वापरकर्त्याला नुकसानीत टाकणारे आहे.

अँटिव्हायरस हरतो म्हणून लेखकाने सगळीच साधने निकामी ठरवली. विंडोज चालू असताना व्हायरसही चालू असतो आणि स्वतःच्या फायली पुसू देत नाही, हे हरण्याचे कारण. त्यासाठीच विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर या अंगभूत अँटिव्हायरसचे ऑफलाइन स्कॅन दिले आहे. विंडोज उघडण्याआधीच ते तपासणी करते. पैसा लागत नाही.

‘सरकारी मदत नाही’ हेही चूक. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे सायबर स्वच्छता केंद्र फेब्रुवारी २०१७ पासून सफाईची साधने मोफत देते.

रूटकिट, म्हणजे यंत्रणेत लपून बसणारा व्हायरस, खोल रुजला असेल तर फॉरमॅट करावे लागते, एवढे मान्य. पण मुरगूडसारख्या गावात एकच पेनड्राइव्ह घर आणि झेरॉक्सचे दुकान यांच्यात फिरतो. त्यावरच्या फायली न तपासता परत घेतल्या, तर फॉरमॅट केलेल्या संगणकात तोच व्हायरस पुन्हा येतो. याबद्दल लेखात अवाक्षर नाही. मुलांचे फोटो, सातबारा, दाखले यांची प्रत काढा, असेही सांगितलेले नाही! बँकेचे पासवर्ड दुसऱ्या, निर्धोक यंत्रावरून बदलायचे असतात, तेही राहिले.

लोक असा सल्ला वाचून त्याच दिवशी अमलात आणतात. पुढील अंकात दुरुस्ती छापावी.

– एक वाचक, मुरगूड (ता. कागल, जि. कोल्हापूर)