टकटक ऐकली की वायर काढा

लग्नसराई आणि मे महिना खान्देशात एकदमच येतात. जळगाव-भुसावळचा पारा 45 अंशांच्या आसपास, शूटिंगवाली पोरं धुळ्याहून साक्री, चोपड्याहून यावल अशी मोटारसायकलवर पळत असतात, आणि दोन-तीन लग्नांचं शूटिंग भरलेली हार्ड डिस्क डिक्कीत तापत पडलेली असते. या डिस्कच्या माहितीपत्रकात चालवण्याचं कमाल तापमान बऱ्याचदा 35 अंशच लिहिलेलं असतं. तेव्हा डिक्कीतून काढली की लगेच जोडू नका. अर्धा तास सावलीत गार होऊ द्या.

तरीही ती बंद पडलीच, तर हात आवरा. डिस्क बिघडल्यानं जातात त्याहून जास्त फायली आपण नंतर जी खटपट करतो तिच्यात जातात.

आधी कान द्या. आवाजच नाही, लाइट लुकलुकतोय आणि कॉम्प्युटरवर काही दिसत नाही, तर दोष बहुतेकदा वायरचा किंवा करंटचा. छोटी पोर्टेबल डिस्क यूएसबीतूनच वीज घेते. जुना पोर्ट 500 मिलिअँपिअर देतो, नवा 900, आणि मोटर सुरू होताना तिला जास्त ओढ लागते. कॅबिनेटचा पुढचा पोर्ट, स्वस्तातला हब, लांब वायर यांत ती अडकते. मागच्या पोर्टला थेट लावा, वायर बदला, दुसऱ्या कॉम्प्युटरवर पाहा. मोठ्या डिस्कला स्वतःचा 12 व्होल्टचा अडॅप्टर असतो, आणि आपल्याकडची लाइट अशी जाते-येते की आधी तोच जळतो. तेवढाच बदलून डिस्क चालू झाली तर नशीब समजा.

टकटक किंवा खरखर ऐकू आली, तर मात्र वायर काढा आणि पुन्हा जोडूच नका. आतल्या तबकडीवरचा मजकूर वाचणारं हेड तिच्यापासून काही नॅनोमीटरवरून फिरतं. माणसाचा केस त्यापेक्षा हजारो पट जाड. हेड बिघडलेलं असलं तर प्रत्येक वेळी चालू करताना तबकडी आणखी खरवडली जाते. फ्रीजरमध्ये ठेवायचा सल्ला कोणीतरी देईलच. ऐकू नका, आत दव धरतं.

डिस्क दिसते, पण ‘फॉरमॅट करा’ असं विचारते? नाही म्हणा. दुकानातला पोरगा सहज म्हणतो, ‘फॉरमॅट मारून देतो भो, चालू होऊन जाईल.’ चालू होईल, पण रिकामी. झटपट फॉरमॅटमध्ये निदान फक्त अनुक्रमणिका पुसली जाते, मजकूर मागे असतो. आताच्या विंडोजमधलं पूर्ण फॉरमॅट सगळीकडे शून्यं लिहितं, मग परत काही येत नाही. आधी दुसऱ्या, मोठ्या डिस्कवर तिची जशीच्या तशी नक्कल काढा आणि शोधाशोध त्या नकलेवर करा. फोटोरेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर चांगलं काम करतं, पण फायलींची नावं हरवतात. फोटोंत कॅमेऱ्यानं नोंदवलेली तारीख बहुधा शाबूत असते, तिच्यावरून हळदीचे आणि रिसेप्शनचे वेगळे काढता येतात. चुकून डिलीट झालं असेल तर त्या डिस्कवर नवीन काहीच टाकू नका. एसएसडी असेल तर आशा कमीच ठेवा. डिलीट झालेली जागा ती स्वतःच मोकळी करून टाकते.

झेरॉक्सच्या दुकानातून आणलेल्या पेन ड्राइव्हमध्ये सगळे फोल्डर शॉर्टकट झालेले दिसले, तर घाबरू नका. तो व्हायरस फायली लपवतो, खात नाही. शॉर्टकटवर क्लिक न करता अँटीव्हायरस चालवा आणि लपलेल्या फायली दाखवायची सोय चालू करा. सिस्टिमच्या फायली लपवणारी वेगळी खूणही काढावी लागते.

दुसरी प्रत ठेवा हे सगळेच सांगतात. मी वेगळ्या घरात ठेवा म्हणतो, आणि कायम कॉम्प्युटरला जोडून ठेवू नका. कवयित्री बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर यांनी त्यांच्या कविता टिपल्या म्हणून 1952 साली पुस्तक निघालं. टिपायचं राहून गेलं ते शेतातच विरलं. तुमच्या आजीच्या अहिराणी ओव्यांचं रेकॉर्डिंग एकाच डिस्कवर असेल तर आजच त्याची दुसरी प्रत काढा. आणि स्कॅन झालं म्हणून जुने कागद रद्दीत घालू नका. धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ 1927 पासून कागदच सांभाळत आलं आहे.

वायर, अडॅप्टर, नक्कल ही कामं जळगावच्या गोलाणी मार्केटमधला जाणकार माणूस करून देईल. डिस्क उघडण्याचं काम मात्र धूळ नसलेल्या खास खोलीतच होतं. साध्या टेबलावर, पंख्याखाली कोणी उघडू लागला तर तिथून उठा. पुण्या-मुंबईच्या लॅबला पाठवायची तर फोममध्ये गुंडाळून कडक डब्यात पाठवा. खर्च आधी लेखी घ्या, काहीच मिळालं नाही तर किती द्यायचे तेही विचारा, आणि पैसे देण्याआधी सापडलेल्या फायलींची यादी पाहा. त्यांच्याकडची प्रत पुसल्याचं लिहून घ्या. लग्नाच्या फोटोंत दुसऱ्यांच्या लेकीबाळी असतात.